बोअरच्या पाण्यात कोणत्या क्रीमचा फेस टिकतो?

लातुरात बोअरच्या जड पाण्याने दाढी करणाऱ्याला सुवासाआधी फेसाची चिंता करावी लागते, कारण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात आणि ब्रश कितीही घोळवला तरी फेस पातळच राहतो. म्हणून एप्रिलभर मी तीन क्रीम आलटूनपालटून वापरून पाहिली.

इटलीच्या प्रोरासोच्या हिरव्या ट्यूबमध्ये निलगिरी आणि मेंथॉल आहे. सकाळी आठलाच पत्रे तापू लागतात अशा दिवसांत तिचा गारवा गालांवर बराच वेळ रेंगाळतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र तो नकोसा वाटेल.

लंडनच्या टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीटचे चंदनाचे क्रीम 150 ग्रॅमच्या डबीत मिळते. बदामाएवढे क्रीम पिळलेल्या ब्रशवर घेऊन, थेंबथेंब पाणी घालत वाटीत मिनिटभर फिरवले की घोटलेल्या चक्क्यासारखा दाट फेस येतो आणि हनुवटीखालच्या उलट्या केसांवरूनही ब्लेड न अडखळता सरकते. देवघरातल्या सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा वास ज्याने घेतला आहे, त्याला हा सुगंध चंदनापेक्षा अत्तराच्या जवळचा वाटेल, पण तो उग्र नाही.

तिसरे, लिंबाच्या वासाचे स्वस्त क्रीम गालावरच सुकले आणि मानेवर आग झाली. पेलाभर आरओचे पाणी घेतल्यावर त्याचाही फेस सुधारला, वास मात्र भांडी घासण्याच्या साबणाचाच राहिला. रोजच्यासाठी मी चंदनाची डबी ठेवली आहे. महाग आहे, पण पुरवठ्याला येते.