टोयोटा सेलिका १४० : नऊ महिने आणि सात हजार मैलांनंतर

ब्रिटनमध्ये स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कूपे शोधायला बसलं की तीच चार-पाच नावं फिरून फिरून समोर येतात: ह्युंदाई कूपे, फोर्ड प्यूमा, पहिली ऑडी टीटी, माझदा आरएक्स-८ आणि टोयोटाची सातव्या पिढीची सेलिका. आरएक्स-८ बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त दिसते. का, ते तिच्या रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं की कळतं: इंजिन बहुधा झिजलेलं असतं. इथे लिहितोय ते सेलिकाबद्दल. गाडी २००३ ची, फेसलिफ्टनंतरची (म्हणजे कंपनीने मधेच थोडी सुधारलेली), १.८ लिटर, १४० ब्रेक हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर.

या वयाच्या गाडीची किंमत उतरायची तेवढी उतरून झालेली असते. नीट सांभाळली तर वर्षा-दोन वर्षांनी साधारण घेतल्या भावातच जाते. त्यामुळे खरा खर्च म्हणजे दुरुस्ती, टायर, पेट्रोल आणि विमा. दोन हजार पौंड गाडीला ठेवले असतील तर आणखी आठशे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे. सगळे पैसे गाडीतच ओतले तर पहिल्या एमओटीला (इथली दरवर्षीची सक्तीची गाडी-तपासणी) ती दारात उभी राहते.

सेलिकाच घ्यावी असं म्हणायचं कारण साधं आहे. दिसायला कूपे, बोनेट उघडलं की कोरोला. १४० मधलं १झेडझेड-एफई इंजिन त्याच काळातल्या कोरोला, अव्हेन्सिस आणि एमआर२ मध्येही आहे. भारतात २००३ साली आलेल्या कोरोलातही हेच १.८ इंजिन होतं, त्यामुळे पुण्या-ठाण्यातल्या टोयोटाच्या जुन्या मेकॅनिकला याची नस माहीत असते. फिल्टर, प्लग, कॉइल, वॉटर पंप, सेन्सर सगळं साध्या कोरोलाच्या भावात मिळतं. उलट जे फक्त सेलिकाचं आहे ते महाग आणि दुर्मिळ: हेडलॅम्प, बंपर, दरवाजाच्या काचा, मागचा मोठा काचेचा झाकणदरवाजा. म्हणून किरकोळ ठोकलेली सेलिका स्वस्तात मिळाली तरी आधी ब्रेकर्स यार्डात (भंगार गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडे) तो भाग मिळतोय का हे बघायचं, बोली नंतर.

आता ऑइल. या इंजिनाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. सुरुवातीच्या १झेडझेड इंजिनांत पिस्टनवर ऑइल-रिंगच्या मागे परतीची भोकं लहान होती. ऑइल बदलायला उशीर झाला की त्यात कार्बन बसतो, सिलिंडरच्या भिंतीवरून खरवडलेलं ऑइल खाली संपमध्ये (ऑइलच्या तळटाकीत) परतत नाही आणि वर जळतं. पुढे टोयोटाने पिस्टन बदलले, त्यामुळे फेसलिफ्टनंतरच्या गाड्यांत हा त्रास कमी आढळतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. वर्ष बघून निर्धास्त होऊ नका, डिपस्टिक बघा.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की इंजिन गार असू दे. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर काहीतरी झाकायचं आहे असं धरून चला. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर मालक ऑइल बघत नाही एवढं नक्की, आणि हे इंजिन बहुधा तसंच चालवून संपवलं जातं. स्टार्ट केल्यावर एखादा सेकंद साखळीचा खडखडाट चालेल. तो टिकून राहिला तर टायमिंग चेन आणि टेन्शनरचं काम समजा. बरेच दिवस उभ्या गाडीने स्टार्टला निळसर धूर एकदाच सोडला तर संशय व्हॉल्व्ह स्टेम सीलवर. दुसरी परीक्षा उतारावर: गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा, उतार संपल्यावर दाबा आणि आरशात बघा. तेव्हा निळा लोट आला तर इंजिन ऑइल जाळतंय. अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी.

घेतल्यानंतरची मोजणी अशी: वरच्या खुणेपर्यंत भरा, ५०० मैलांनी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून बघा. पातळी जेमतेम हललेली असेल तर इंजिन ठीक. हजार मैलांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत येत असेल तर इंजिन ऑइल पितंय. लगेच बंद पडणार नाही, पण दर पेट्रोलला डिपस्टिक आणि डिकीत एक लिटरचा डबा हे कायमचं मागे लागलं. या गाडीने सात हजार मैलांत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये साधारण पाव लिटर मागितलं, या वयाला ते चांगलंच म्हणायचं.

कंपनीची ऑइल बदलण्याची मुदत लांबची आहे, ती विसरा. दर ५,००० मैलांनी ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल, फिल्टरसह ३.७ लिटर. ड्रेन बोल्टला १४ चा पाना, वॉशर दर वेळी नवा, ताण ३७ न्यूटन-मीटर. काम अर्ध्या तासाचं. गाडी इतकी खाली आहे की साधा ट्रॉली जॅक कधीकधी खालीच जात नाही, आधी चाकं लाकडी फळीवर चढवावी लागतात.

इंजिनाच्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसला की लोक हेड गॅस्केटच्या नावाने घाबरतात. बहुतेक वेळा तो चेन टेन्शनरच्या ओ-रिंगचा असतो. दोन नट, एक रिंग, काही पौंडांचा भाग. मात्र टेन्शनर बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवायचा नाही, साखळीचा दात निसटू शकतो. बसवताना दांडा आत दाबून हूक अडकवायचा, नट घट्ट करायचे, मग क्रँक किंचित उलटा फिरवायचा म्हणजे हूक सुटतो आणि दांडा साखळीवर दाब देतो. ही शेवटची पायरी राहिली तर स्टार्ट करताच खडखडाट.

मग १९० हॉर्सपॉवरची सेलिका का नको? तिचं २झेडझेड-जीई इंजिन खरंच रंजक आहे; लोटस एलिसमध्येही तेच. कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) आहेत. साधारण ६,२०० आरपीएमच्या पुढे ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर जातात आणि आवाज एकदम बदलतो. याला सगळे ‘लिफ्ट’ म्हणतात. इंजिन गार असताना ती येत नाही, तो बिघाड नव्हे. पण पूर्ण तापलेलं इंजिन ६,००० च्या पुढे नुसतं भणभणत राहिलं, तर सुरुवातीच्या गाड्यांत रॉकर शाफ्टचा बोल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. भाग स्वस्त, व्हॉल्व्ह कव्हर काढलं की हाताशी. ऑइलची पातळी कमी असली तरीही लिफ्ट जाते, म्हणून आधी डिपस्टिक. खरी भीती वेगळी: तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि ऑइल पंपाचे गिअर तडकू शकतात. शिवाय या इंजिनाच्या सिलिंडरची भिंत खास धातुमिश्रणाची, साधं बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येत नाही. आधीच्या चार-पाच मालकांपैकी कुणाचा हात कधी चुकला हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. स्वस्तात घ्यायची तर १४०, आमचं मत पक्कं आहे.

गंज हा दुसरा शत्रू. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते मागच्या चाकांच्या कमानीत, सिलमध्ये (दरवाजाखालच्या पट्टीत) आणि मागच्या सबफ्रेमवर (सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्यावर) बसतं. वरून दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून आडवं व्हायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टणटण आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आला तर आत पोकळ. नुकताच काळा जाड थर फासलेला दिसला तर त्याखाली काय आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव होतात. अलाइनमेंटच्या साध्या कामात बोल्ट कापावा लागतो आणि बिल वाढतं. अलाइनमेंटला देण्याआधी आठवडाभर रोज त्यावर गंजनाशक तेल मारलं तर निदान प्रयत्न केल्याचं समाधान.

स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलून बघा. पाणी साचलेलं असतं ते बहुधा मागच्या दिव्यांच्या जुन्या सीलमधून. मागच्या ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकून अडकतात, एकच पॅड झिजतो. वर्षातून एकदा काढून, पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं तर प्रश्न येत नाही. गिअरबॉक्स गार असताना दुसऱ्यात पटकन टाकून बघा, करकरला तर सिंक्रो (गिअर अलगद पाडणारी रिंग) झिजलेला. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० मैलांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय.

हेडलॅम्प पिवळे पडलेले असतातच, एमओटीला तेही अडवतं. नवे घेण्याआधी ८००, १,५००, २,००० अशा क्रमाने ओला पॉलिशपेपर, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही लॅकर. लॅकर टाळलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

कागदपत्रांत सर्वांत कामाची वस्तू फुकट आहे: एमओटीचा इतिहास नंबर टाकला की सरकारी साइटवर दिसतो. नुसतं पास-नापास बघू नका, ‘अ‍ॅडव्हायझरी’ (पास करूनही दिलेल्या सूचना) वाचा. तीन वर्षं सलग ‘मागील सबफ्रेम गंजलेली’ असं लिहून येत असेल तर चौथ्या वर्षी ते वेल्डिंग तुमच्या खिशातून. मैलांचा आकडाही तिथेच पडताळता येतो. लॉगबुकवरचं (नोंदणीपत्रावरचं) नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, त्यामुळे कर्ज थकीत आहे का आणि विमा कंपनीने निकालात काढल्याची एस (सांगाड्याला इजा) किंवा एन (सांगाड्याला इजा नाही) श्रेणी लागली आहे का हे पैसे भरून तपासा. रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, घरी आणण्याआधी आपल्या नावाने भरावा लागतो. लंडनमध्ये फिरायचं तर यूलेझचं (प्रदूषक गाड्यांना शुल्क लावणाऱ्या क्षेत्राचं) बघा: पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषण-मानकाची नसेल तर दिवसाला १२.५० पौंड. २००६ च्या आधीच्या सगळ्याच बाद होत नाहीत, नंबर टाकून खात्री होते.

विमा मात्र नव्याने इथे आलेल्यांचा घाम काढतो. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, आणि तेवढ्यात ‘कूपे’ म्हटलं की हप्ता कधीकधी गाडीच्या किमतीला भिडतो. आधी कोटेशन, मग गाडी.

चालवायला? ताकद वरच्या आरपीएमला आहे, ४,००० च्या खाली गाडी सुस्त वाटते. वजन कमी, स्टिअरिंग नेमकं, गावाकडच्या वळणांच्या रस्त्यावर १४० पुरतात. मोटरवेवर टायरचा आवाज इतका की फोनवर बोलणं नको. सरासरी ३६ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला पावणेतेरा किलोमीटरच्या आसपास. शहरात हा आकडा तीस मैलांपर्यंत घसरतो. टाकी ५५ लिटरची. मागच्या सीटवर मोठ्या माणसाचं डोकं काचेला टेकतं, आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांना मागे बसवायचं मनातही आणू नका. पुढची सीटही इतकी खाली आहे की गुडघेदुखी असलेल्या माणसाला हात देऊन उठवावं लागतं. दरवाजे लांब असल्याने सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये शक्यतो कडेची जागा पकडायची.

परतताना ही भारतात नेण्याचा विचार करणारे अधूनमधून भेटतात. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला आहे. इथेच विकायची, आणि विकताना ऑइल, फिल्टर, टायर यांच्या पावत्या तारखांसह एका फाइलमध्ये ठेवलेल्या असल्या की गिऱ्हाईक शंभर-दोनशे पौंडांची घासाघीस करत नाही.