टिळकवाडीत करून घेतलेले माउथगार्ड: शीटची जाडी आणि दातांवर उरलेली जाडी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 22 वर्षे ओतकामाचे साचे आणि मापे सांभाळणाऱ्या माणसाने दातांच्या दवाखान्याबद्दल लिहावे, हे थोडे विचित्र वाटेल; पण माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचे संरक्षक कवच, हीसुद्धा साच्यावर घडवलेली वस्तूच असते आणि ती कशी उतरली आहे हे मोजून सांगता येते. माझी मुलगी 14 वर्षांची असून शाळेच्या संघातून हॉकी खेळते. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले बंडू पाटील ज्या गावचे, त्या गावात मुलीच्या हाती स्टिक असणे नवलाचे नाही; मात्र आमच्या मुरमाड मैदानांवर 156 ते 163 ग्रॅम वजनाचा तो टणक चेंडू अचानक कसा उसळतो, हे कडेला उभे राहून पाहिलेल्या पालकांना वेगळे सांगायला नको. मुष्टियुद्धात माउथगार्डवाचून रिंगणात उतरू देत नाहीत. हॉकीच्या नियमांत मैदानातल्या खेळाडूंसाठी त्याची केवळ शिफारस असल्यामुळे सगळा निर्णय घरच्यांवर येतो.

आधी बाजारातून साडेतीनशे रुपयांचे, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे माउथगार्ड आणले होते. या प्रकारातील अडचण त्याच्या कृतीतच आहे: मऊ झालेले प्लॅस्टिक मूल घाबरून जोरात चावते आणि नेमके जिथे दात दातावर आपटतात तिथेच ते सर्वांत पातळ होते. शिवाय ते सैल बसले होते, त्यामुळे जागेवर ठेवण्यासाठी तिला दात आवळून धरावे लागत आणि सोबतच्या मुलींना हाक मारायची म्हटली की ते काढावे लागे. महिनाभरात ते तोंडापेक्षा मोज्यातच अधिक राहू लागले.

म्हणून टिळकवाडीतील एका दंतचिकित्सालयात माप देऊन माउथगार्ड करून घेतले. तिथल्या डॉक्टर बाईंनी वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांचे माप अल्जिनेटमध्ये घेतले. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ पाण्यात कालवल्यावर दोन-तीन मिनिटांत रबरासारखा होतो, पण उघडा ठेवला की पाणी सोडून आकसतो, त्यामुळे त्यात डेंटल स्टोन, म्हणजे दगडासारखे घट्ट होणारे प्लास्टर, लगेच ओतावा लागतो. तो आमच्यासमोरच ओतला गेला, याचे मला बरे वाटले; साचाच आकसला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, हे आमच्या धंद्यात रोज दिसते.

माउथगार्डचे प्लॅस्टिक म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, ज्याला सगळे ईव्हीए म्हणतात. बुटांच्या तळव्यात हेच द्रव्य फुगवून, सच्छिद्र करून वापरतात, इथे ते भरीव असते. त्यातील व्हिनाइल ॲसिटेटचे प्रमाण वाढवले की ते अधिक मऊ व लवचीक होते आणि कमी तापमानाला नरम पडते. (त्याच दवाखान्यात रूट कॅनलमध्ये भरतात ते झाडाच्या चिकापासूनचे, रबरासारखे गटापर्चा, लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्रॉस यांनी 1890 मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या ओठांना जखमा होऊ नयेत म्हणून दातांवर बसवले होते, तिथून ही वस्तू ईव्हीएपर्यंत आली.)

पहिले माउथगार्ड पाच दिवसांत मिळाले आणि दिसायला नीटनेटके होते. 3 मिलिमीटरची एकच शीट तापवून, व्हॅक्यूम यंत्राने साच्यावर ओढून ते केले होते. मी ते कारखान्यात नेऊन थिकनेस गेजवर मोजले. ईव्हीए मऊ असल्याने गेजचे टोक अलगद टेकवावे लागते, नाहीतर कमीच माप येते. समोरच्या दातांपुढे 1.7 आणि त्यांच्या कडांवर जेमतेम 1.2 मिलिमीटर भरले. साधारणपणे समोरच्या बाजूला 3, चावण्याच्या पृष्ठभागावर 2 आणि टाळूच्या बाजूला 1 मिलिमीटर जाडी असावी असे मानतात. तापलेली शीट उंच भागावर ताणली जाते आणि तिथेच पातळ होते, हे कोणत्याही प्लॅस्टिकला चुकलेले नाही. दोष एवढाच की आम्हाला सांगताना शीटची जाडी सांगितली गेली, दातांवर उरणारी नव्हे.

आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवल्यावर बाईंनी हसून “तुम्ही मोजूनच आणलाय की!” म्हटले आणि कोणताही वाद न घालता नवे करून देण्याचे मान्य केले. दुसऱ्या वेळी साचा प्रेशर यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. व्हॅक्यूममध्ये शीटवर फार तर वातावरणाचा दाब पडतो, तर प्रेशर यंत्रात त्याच्या कित्येक पट दाब देता येतो; म्हणून शीट साच्याला घट्ट बसते आणि पहिल्या थरावर दुसरा थर तापवून एकजीव करता येतो. मात्र मधल्या पृष्ठभागाला बोटांचा तेलकटपणा लागला तर थर पुढे सुटू लागतात, आणि पुरते थंड होण्याआधी साच्यावरून काढले तर ईव्हीए आपल्या मूळ आकाराकडे परत फिरते. या वेळी समोर 3.3, दाढांवर 2.2 मिलिमीटर भरले. खालच्या दातांचे माप आधीच घेतलेले असल्याने दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्या टेकतात, आणि ओठ हिरडीला जोडणाऱ्या पडद्यासाठी वरच्या कडेला खाच ठेवल्यामुळे ते टोचत नाही. मुलगी ते घालून स्पष्ट बोलते. सराव संपेपर्यंत ते तोंडातच राहते.

अडीच हजार रुपये आणि एकूण 17 दिवस, असा हिशेब झाला. दुसऱ्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, तरी पावतीवर द्रव्याचे नाव किंवा थरांची संख्या लिहिलेली नाही, हे मला खटकले. निगा राखण्याचा छापील कागद इंग्रजीत होता. विचारल्यावर मदतनीस मुलीने मागच्या बाजूला मराठीत लिहून दिले: थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे, भोके असलेल्या डबीत ठेवावे, उन्हातल्या गाडीत सोडू नये. याने डोक्याला बसणारा धक्काही टळतो का, असे मी मुद्दाम विचारले. दात आणि ओठ वाचवण्याबद्दल बाई खात्रीने बोलल्या, पण मेंदूच्या दुखापतीबाबत संशोधकांत एकमत नाही, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले. याच कारणासाठी मी हा दवाखाना इतरांना सुचवेन, फक्त पहिल्याच भेटीत दोन थरांचे हवे असे सांगावे.

दातांचा दगडी साचा त्यांनी मागितल्यावर दिला. माउथगार्ड हरवले तर त्यावरूनच दुसरे करता येईल, पण ते दात बदलेपर्यंतच. मुलीची मागची एक दाढ अजून पूर्ण वर आलेली नाही, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी नवे माप द्यावे लागणार आहे.