‘युवर मनी ऑर युवर लाइफ’: पहिले पाच टप्पे सोन्याचे, नववा मात्र बदलून घ्या

वाटमारी करणारा बंदूक रोखून म्हणतो, ‘पैसे काढ, नाहीतर जीव घेतो.’ विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या १९९२ च्या पुस्तकाचं नाव म्हणजे हीच धमकी. डोमिंग्वेझ वॉल स्ट्रीटवर विश्लेषक होते. १९६९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे १९९७ मध्ये वारले तोवर पगारासाठी काम केलं नाही. पैसा आणि अर्थपूर्ण जगणं एकाच दोरीत ओवणारी पुस्तकं आता ढिगाने मिळतात. पण त्यातली बरीचशी वाचून संपतात, हे करावं लागतं. सोबत वही नसेल तर विकत घेऊ नका.

पुस्तकात नऊ टप्पे आहेत. पहिल्यात आजवरची एकूण कमाई मांडायची आणि आज हाती काय उरलंय ते मोजायचं. आपल्याकडे कमाईच्या आकड्यासाठी जुने फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं आणि पीएफचं पासबुक पुरतं. ‘उरलंय काय’ या भागात घोळ होतो तो दागिन्यांपाशी. सोनं विकताना जे हाती येईल तेवढंच धरा. घडणावळ परत मिळत नाही, खड्यांचं वजनही वजा होतं. राहतं घर वेगळ्या ओळीत लिहा. ते विकून कोणी खात नाही, आणि त्याच्या फुगलेल्या भावामुळे बाकीचं चित्र झाकलं जातं.

खरा ऐवज दुसऱ्या टप्प्यात आहे: तासाचा खरा पगार. लेखक ज्याला ‘लाइफ एनर्जी’ म्हणतात तो शब्द मराठीत आणला की प्रवचनासारखा वाटतो. सरळ ‘आयुष्याचे तास’ म्हणू. समजा, बदलापूरहून मुंबईला रोज येणाऱ्या माणसाच्या हातात ६०,००० रुपये पडतात. रोजचे ९ तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १९८ तास. कागदावर तासाला ३०३ रुपये. आता नोकरी आहे म्हणूनच होणारा खर्च काढा: रेल्वेचा पास आणि शेअर रिक्षा २,६००, बाहेरचं जेवण-चहा ४,४००, कपडे-इस्त्री-बूट १,५००, आणि ‘आज दमलोय, मागवूया’ याचे ३,५००. एकूण १२,०००. उरले ४८,०००. मग तास वाढवा: प्रवासाचे रोज साडेतीन, तयारीचा अर्धा, घरी आल्यावर ऑफिसचे फोन आणि सोफ्यावर नुसतं पडून राहणं दीड. बेरीज ३१९ तास. भागाकार केला की तासाला दीडशे रुपये. ३०,००० चा फोन कागदी हिशेबाने ९९ तासांचा होता, खऱ्या हिशेबाने तो २०० तासांचा झाला.

या गणितात लोक दोन चुका करतात. पहिली, थकव्यातून झालेला खर्च नोकरीच्या खात्यात टाकायला संकोचतात. दुसरी उलटी: घरभाड्यासकट सगळंच नोकरीच्या माथी मारतात. कसोटी एकच: उद्या नोकरी नसेल तर हा खर्च उरेल का? उरणार असेल तर तो इथे धरू नका.

याच टप्प्यात पै-पैची नोंदही आहे. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला यात नवं काही नाही. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार वही) दुकानातच नव्हे, कित्येक घरांतही असे. यूपीआयमुळे नोंद आपोआप होते असं वाटतं, ते फसवं आहे. बँकेच्या विवरणात दुकानाचं नाव आणि ६४० रुपये दिसतात. त्यात तूरडाळ किती आणि वेफर्स किती, ते दिसत नाही. दिवस संपायच्या आत लिहिलं नाही तर ते हरवलं. एटीएममधून काढलेले २,००० ‘किरकोळ’ म्हणून लिहिणं म्हणजे न लिहिणंच. महिनाअखेरीस सुरुवातीची शिल्लक अधिक आवक वजा खर्च हा आकडा हातातल्या आणि खात्यातल्या पैशांशी ताडून पाहा. मेळ बसला नाही तर गळती कुठेतरी आहे.

तिसऱ्या टप्प्यात खाती पाडायची. ‘खाणंपिणं’ असं एकच मोठं खातं केलं की सगळी मेहनत वाया. घरचा किराणा, ऑफिसातलं खाणं, दमल्यावर मागवलेलं आणि पाहुण्यांसाठी आणलेलं ही चार वेगळी खाती आहेत, कारण चारांची कारणं वेगळी आहेत. प्रत्येक बेरजेला तासाच्या खऱ्या पगाराने भागा. वरच्या उदाहरणात दमल्यावर मागवलेल्या जेवणाचे २३ तास होतात.

मग चौथा टप्पा, पुस्तकाचं काळीज. प्रत्येक खात्यासमोर तीन प्रश्न: गेलेल्या तासांच्या मानाने समाधान मिळालं का? हा खर्च माझ्या मूल्यांना आणि जगण्याच्या उद्देशाला धरून आहे का? पोटासाठी काम करावं लागलं नसतं तर हा खर्च किती झाला असता? उत्तर अधिक, वजा किंवा शून्य असं चिन्हाने द्यायचं. बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर थांबतात, कारण दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर उद्देश आधी लिहावा लागतो. आणि ‘माझा उद्देश’ म्हणून जे सुचतं ते बहुधा निरोपसमारंभाच्या भाषणासारखं असतं. सोपी युक्ती: उलटं करा. सर्वांत जास्त तास गेलेली तीन खाती बघा आणि त्यावरून परक्या माणसाला आपला उद्देश काय वाटेल ते लिहा. बोचलं तर प्रश्न कामाला लागला.

पाचवा टप्पा भिंतीवरचा आलेख: एक रेघ उत्पन्नाची, एक खर्चाची. कागद मोठा घ्या, वर उत्पन्न दुप्पट झालं तरी मावेल एवढी जागा सोडा. पहिल्या महिन्यांत लाजेपोटी खर्च खाली येतो, मग उसळी मारतो. तिथे वही मिटू नका. विम्याचा हप्ता आणि शाळेची फी बाराने भागून दरमहा दाखवा, नाहीतर जूनमध्ये डोंगर दिसतो आणि घाबरायला होतं.

सहावा आणि सातवा, म्हणजे काटकसर आणि उत्पन्नवाढ, चाळले तरी चालतील. अमेरिकी उदाहरणांची गर्दी आहे आणि तेच तेच फिरून येतं.

आठव्यात भांडवल गुणिले व्याजदर भागिले बारा अशी मासिक व्याजाची तिसरी रेघ काढायची. ती खर्चाच्या रेघेला छेदते तिथे नोकरी ऐच्छिक होते. नवव्यात मूळ आवृत्ती हे भांडवल अमेरिकी सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत, म्हणजे सरकारला व्याजाने दिलेल्या कर्जात, घालायला सांगते. १९९२ मध्ये त्यांवर सात टक्क्यांहून जास्त व्याज होतं, २०२० मध्ये दीड टक्क्याच्या आसपास. शिवाय व्याज तेवढंच राहतं, महागाई थांबत नाही. महिना ४०,००० खर्च आणि ७ टक्के व्याज धरलं तर सूत्र सांगतं, साधारण ६८ लाख ५७ हजार जमले की सुटलात. पण ६ टक्के महागाईने तोच खर्च दहा वर्षांत ७१,६०० च्या घरात जातो आणि व्याज ४०,००० वरच उभं. म्हणून सगळं व्याज खायचं नाही. महागाईपुरता भाग भांडवलात परत घालायचा, किंवा काही रक्कम इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवायची. २०१८ च्या आवृत्तीत रॉबिन यांनी इंडेक्स फंडांना जागा दिली आहे, तेव्हा घ्यायची तर तीच घ्या.

सरकारी रोख्यांचा भाग आपल्याकडे जमवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या संकेतस्थळावर नोव्हेंबर २०२१ पासून खातं मोफत उघडता येतं आणि १०,००० रुपयांपासून सरकारी रोखे घेता येतात. व्याज सहामाही येतं आणि करपात्र आहे, त्यामुळे सूत्रात करानंतरचा दर घाला. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बँकेत बाजूला ठेवायचा पुस्तकाचा सल्ला मात्र जसाच्या तसा पाळा.

एक उणीव राहतेच. पुस्तकातला हिशेब एकट्या माणसाचा किंवा जोडप्याचा आहे. गावी आईवडिलांना पाठवलेले पैसे, भाचीच्या लग्नातला आहेर, गणपतीचा खर्च यांवर ‘समाधान मिळालं का’ हा प्रश्न थेट लावला तर उत्तरं वाकडी येतात, आणि घरात ती मोठ्याने वाचून दाखवली तर आणखी वाकडी. या खर्चांचं खातं वेगळं ठेवा आणि तिथे फक्त दुसरा प्रश्न विचारा. आणि नवरा-बायको दोघं कमावते असतील तर तासाचा खरा पगार दोघांचा स्वतंत्र काढा. घरकामाचे तास कोणाच्या रकान्यात किती पडले तेही शेजारी लिहा. पुस्तकात हा रकाना नाही, तो स्वतः आखावा लागेल.