मुंबईत बसून इंग्लंडातला गोतावळा शोधताना: फिबिसची सेवा कितपत कामाची?

भायखळा, परळ, कल्याण, इगतपुरी अशा रेल्वेच्या वस्त्यांत नोकरीसाठी इंग्लंडातून आलेल्या माणसांचे वंशज आजही मुंबईत आहेत. माझ्या सासूबाईंचे माहेर त्यांपैकीच एक. त्यांच्या पणजोबांच्या भावंडांचे वंशज शोधण्यासाठी आम्ही ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’, म्हणजेच फिबिस, या ब्रिटनमधील संस्थेची शोधसूची वापरली. १९९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि सूचीत शोधण्यासाठी पैसे पडत नाहीत.

मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस (भारताचा कारभार पाहणारे लंडनमधील जुने सरकारी खाते) दप्तरात एन/३ या क्रमांकाखाली आहेत. विवाहाची नोंद सर्वांत मोलाची, कारण तीत वधूवरांच्या वडिलांची नावे असतात. आम्हाला इंजिन ड्रायव्हर वराच्या वडिलांचे नाव तिथेच मिळाले आणि समुद्रापलीकडची वाट मोकळी झाली.

मात्र फिबिसचे काम इथेच संपते, कारण भावंडे सापडतात ती इंग्लंडच्या जनगणनेत. १८५१ पासून तीत प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे गावही लिहिलेले असते. १८६१ च्या पानावर एका घराखाली सहा ओळी होत्या: लोहार बाप, आई आणि चार मुले, त्यांत तिसरा नऊ वर्षांचा, तोच पुढे मुंबईला आलेला. त्याच्या बहिणी लग्नानंतर आडनाव बदलून दिसेनाशा होतात. एका बहिणीचा माग लागला तो तिच्या अविवाहित भावाच्या मृत्युपत्रामुळे. १८५८ पासून इंग्लंडात छापल्या जाणाऱ्या वार्षिक मृत्युपत्रसूचीत, ज्यांच्या हाती मालमत्तेचा कारभार गेला त्यांत, ‘अमक्याची पत्नी’ म्हणून तिचे नाव होते. पुढच्या पिढीसाठी जन्मसूची उपयोगी पडते, कारण १९११ च्या उत्तरार्धापासून तीत मुलाच्या नावाशेजारी आईचे माहेरचे आडनाव छापलेले असते.

फिबिसच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती मुख्यतः सूची आहे, त्यामुळे बहुतेक वेळा मूळ पान पाहायचे तर फाइंडमायपास्ट या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळाची वर्गणी भरावी लागते. नावांची स्पेलिंगे फिरवून पाहावी लागतात. अँग्लिकन नोंदींच्या मानाने रोमन कॅथलिक नोंदी तुटपुंज्या आहेत. मला अधिक खटकले ते हे, की जुन्या बाप्तिस्म्यांत देशी आईचे नाव पुष्कळदा नसतेच. इंग्रज बाजूचा लोहार खापरपणजोबा सापडतो आणि इथली पणजी कोरीच राहते. हा दोष अर्थात सूचीचा नसून मूळ नोंद करणाऱ्यांचा आहे.

अगदी अलीकडच्या पिढीपाशी मात्र सगळ्याच सेवा अडतात. जनगणनेची पाने १०० वर्षे बंद असतात, म्हणून १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड व वेल्सची १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि युद्धामुळे १९४१ ची झालीच नाही. मग उरते १९३९ चे रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली लोकांची घरोघरची नोंद, पण त्यातही हयात असू शकतील अशांची नावे झाकलेली असतात.

मुंबईकराने सुरुवात फिबिसपासूनच करावी. स्मिथसारखे सर्रास आडनाव असेल, तर आधी जोडीदाराचे नाव आणि ठिकाण जुळवून एकच नोंद पक्की करावी आणि वर्गणी त्यानंतरच भरावी, नाहीतर महिनाभराचे पैसे भलत्याच स्मिथच्या घराण्यावर खर्ची पडतील.