हॉप्सचा वेल लावावा की गोळ्यांचे पाकीट आणावे? नाशिककरांसाठी तुलना

द्राक्षाच्या मांडवाखाली वावरलेल्या नाशिककराला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या बोंडांचा, वेल परका वाटत नाही. त्यालाही आधार, ठिबक, निचऱ्याची जमीन आणि वेळेवर छाटणी लागते. त्यामुळे बिअरसाठी लागणारे हॉप्स दळून-दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात विकत आणण्याऐवजी गच्चीवर किंवा बंगल्याच्या कुंपणालगत वाढवावेत, हा विचार सहज मनात येतो. मात्र महाराष्ट्रात दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न आधी सोडवावा आणि मगच पुढची तुलना वाचावी.

वेलाच्या बाजूने पाहता खरी अडचण थंडीची नसून उजेडाची आहे. हॉप्सचे व्यापारी पीक प्रामुख्याने 35 ते 55 अंश अक्षांशांच्या पट्ट्यात घेतले जाते, कारण तेथील उन्हाळ्यात दिवस मोठा असतो आणि वेल आधी पाच-सहा मीटर उंच वाढून, दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्यावर येतो. नाशिक 20 अंशांवर आहे आणि येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो, म्हणून वेलाला वाढण्याची सवड न मिळता तो ठेंगणा असतानाच फुलू लागतो आणि हाती मोजकीच बोंडे येतात. यावर उपाय आहे: अमेरिकेतील फ्लोरिडा येथे संध्याकाळनंतर दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबवण्याचे प्रयोग झाले असून त्यातून चांगले पीक मिळाले आहे. गच्चीवर दोन एलईडी दिवे आणि टायमर बसवणे अवघड नाही, पण ते न करता केवळ खत-पाण्यावर भरवसा ठेवणे व्यर्थ आहे.

रोगांच्या बाबतीत द्राक्ष बागायतदाराला नवे काही शिकावे लागणार नाही. पावसाळ्यात डाउनी आणि कोरड्या थंड हवेत भुरी हे बुरशीचे रोग, तर एप्रिल-मेच्या उन्हात लाल कोळी ही कीड, अशी त्रयी येथेही हजर असते. रोप घेताना ते मादी वेलाच्या कंदापासून किंवा काडीपासून तयार केलेले आहे याची खात्री करावी. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, त्यांना बोंडे लागत नाहीत आणि त्यांच्या परागामुळे मादीच्या बोंडांतही बी धरते.

गोळ्यांची बाजू मुख्यतः हिशेबाची आहे. पाकिटावर अल्फा आम्लाचे, म्हणजे हॉप्समधील कडू घटकाचे, प्रमाण छापलेले असते आणि बिअरचा कडूपणा त्यावरच ठरतो. वीस लिटर बिअरच्या एका घाण्यात 25 ग्रॅम हॉप्स तासभर उकळले आणि त्यातील अल्फा आम्लापैकी पाव भाग उतरला असे धरले, तर 6 टक्क्यांच्या हॉप्सने कडूपणा सुमारे 19 आयबीयू (कडूपणा मोजण्याचे एकक) येतो आणि 9 टक्क्यांच्या हॉप्सने 28. घरच्या बोंडांत हे प्रमाण किती, हे प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय कळत नाही, त्यामुळे प्रत्येक घाण्याची चव वेगळी होण्याची शक्यता राहते. हवाबंद पाकीट फ्रीझरमध्ये ठेवल्यास गोळ्या दीर्घकाळ टिकतात. एका घाण्याला लागणारे हॉप्स इतके थोडे असतात की निव्वळ पैसे वाचवण्यासाठी वेल लावणे मला पटत नाही.

तरीही ताज्या बोंडाचे आकर्षण नाकारता येत नाही. पिकलेले बोंड हाताला कागदासारखे कोरडे लागते, उघडले की पाकळ्यांच्या मुळाशी पिवळीधमक पूड दिसते आणि बोटांना चिकट वास राहतो. हा वास पाकिटातील गोळ्यांना सहसा नसतो. तोडल्यावर बोंडे सावलीत, वाऱ्याखाली वाळवावीत आणि मधली दांडी वाकण्याऐवजी मोडू लागली की थांबावे. पाच किलो ओल्या बोंडांचे साधारण किलोभरच सुके हॉप्स होतात.

म्हणून दरवेळी सारखीच बिअर हवी असणाऱ्याने गोळ्याच घ्याव्यात. ज्याला बागकामाची हौस आहे, दिव्यांची सोय करता येते आणि दोन-तीन वर्षे थांबण्याची तयारी आहे, त्याने एखादा वेल जरूर लावावा, परंतु कडूपणासाठी गोळ्या वापरून घरची बोंडे उकळीच्या शेवटी केवळ सुगंधापुरती घालावीत. घरात कुत्रा असेल, तर वेलाची बोंडे आणि उकळून उरलेला चोथा दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवावीत, कारण हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याचे शरीर जीवघेणे तापू शकते.