मृत्यूचा दाखला (नाशिक): काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, नाशिकमध्ये मृत्यूचा दाखला काढायला फार त्रास होत नाही. खरी कसोटी लागते ती नंतर, जेव्हा तोच कागद घेऊन बँक, विमा, सातबारा, लाईट बिल, सोसायटी असं सगळीकडे फिरावं लागतं. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) गेले तेव्हापासून मी हेच करतेय आणि आता बऱ्यापैकी अंदाज आलाय, म्हणून सविस्तर लिहितेय. घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि डोकं चालत नसेल तर त्यातल्या एकाला तरी हे वाचायला द्या.

सगळ्यात पहिली गोष्ट, नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहायचं गाव कुठलं याचा संबंध नाही. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, शेती तिकडेच, पण अण्णा गेले नाशिकच्या हॉस्पिटलात. त्यामुळे नोंद नाशिक महानगरपालिकेत, आणि इकडे चुलतभाऊ बिचारा गावच्या ग्रामपंचायतीत चौकशी करत बसला होता. महापालिकेचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर, हॉस्पिटल ज्या विभागात येतं तिथे आधी विचारायचं. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर माहिती कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची, घरी झाला तर घरातल्यांची. मुदत 21 दिवस. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत लेट फी, वर्षाच्या आत परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की थेट मॅजिस्ट्रेटचा आदेश. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं, 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आणि ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं.

आता मुख्य मुद्दा. हॉस्पिटल जो फॉर्म भरतं ना, तो पाठवायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दाखला त्याच्यावरूनच बनतो. आमच्या केसमध्ये आधार कार्डाची झेरॉक्स देऊनही तिथल्या क्लार्कने नाव ऐकून टाईप केलं, 'दत्तात्रय' चं 'दत्तात्रेय' झालं आणि मधलं नाव म्हणजे आजोबांचं नाव नुसतं आद्याक्षर. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांना त्या दिवशी काना-मात्रा तपासायला कुठून सुचणार, हे काम टाईप करणाऱ्याचंच आहे. बँकेत दाखला दिला तर त्यांनी पासबुकशी ताडून पाहिला आणि सरळ परत केला.

दुरुस्ती होते, घाबरू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा, त्यात कलम 15 दुरुस्तीचं आहे. आम्ही अर्ज, हॉस्पिटलचं चूक मान्य केल्याचं पत्र, आधार, पॅन, पासबुक आणि अ‍ॅफिडेव्हिट असं सगळं जोडलं. यात एक समजून घ्या की मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला दुरुस्तीचा शेरा येतो, त्यामुळे पुराव्याचे कागद जितके एकसारखे तितकं काम सोपं. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "ताई, एकेक अक्षर मोठ्याने वाचा, मराठी पण आणि इंग्लिश पण, मगच मी सेव्ह करते." मागे लाईन होती तरी त्यांनी घाई केली नाही. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, तारीख, सगळं वाचून घेतलं. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो, इतकं साधं काम पण पुढचे सगळे हेलपाटे वाचले.

आता दाखल्यावर क्यूआर कोड असतो, त्यामुळे खरा-खोटा लगेच तपासता येतो आणि बऱ्याच ठिकाणी चांगली कलर प्रिंट चालून जाते. पहिली प्रत कायद्याने फुकट आहे, जादा प्रतींना किरकोळ फी लागते. मी म्हणेन जादा प्रती एकदमच काढा. काही ठिकाणी ओरिजिनल बघून परत देतात, काही ठिकाणी ठेवूनच घेतात, आणि डीमॅटवाल्यांना साक्षांकित प्रत लागते. प्रत्येक ठिकाणी दिलेल्या कागदाची पोच घ्या, तारखेसकट. नॉमिनी असेल तर बँकेने क्लेम सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढायचा असतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, पण कागद दिल्याची पोचच नसेल तर ते 15 दिवस मोजणार कुठून?

विम्याच्या वेळी नवीन प्रकार. त्यांनी विचारलं, यात मृत्यूचं कारण कुठेय? तर दाखल्यावर कारण नसतंच, कलम 17 प्रमाणे उताऱ्यात कारण उघड करायचंच नाही असं आहे. कारण असतं ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात, हॉस्पिटलमधला मृत्यू असेल तर फॉर्म 4 आणि घरचा असेल तर 4अ. 2023 च्या दुरुस्तीनंतर याची प्रत जवळच्या नातेवाईकाला मोफत द्यायची असते. डिस्चार्जचे कागद घेतानाच हे मागून घ्या, नंतर रेकॉर्ड सेक्शनला चकरा मारायच्या म्हणजे जीव जातो.

आता सातबारा. इथे तर वेगळंच निघालं. अण्णांच्या नावावर वारस लावायला गेलो तर कळलं की जमिनीचा एक गट अजून आजोबांच्याच नावावर आहे, त्यांची वारस नोंद कधी झालीच नव्हती. म्हणजे आता आजोबांचा पण मृत्यूचा दाखला पाहिजे! आजोबा घरीच गेले, गावात, आणि वर्ष कोणालाच पक्कं माहीत नाही. आत्या म्हणायची बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेच, आई म्हणायची नाही, मोठ्या काकांच्या लग्नानंतर. जुनी नोंद शोधायची तर वर्ष सांगावं लागतं, शोधायची फी वर्षाप्रमाणे असते आणि मोघम सांगितलं की शोधणारा माणूसही कंटाळतो.

मग आईला आठवलं की आजोबांच्या अस्थी रामकुंडावर आणल्या होत्या. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे (म्हणजे तीर्थावरचे विधी करणारे गुरुजी) घराण्यांच्या नामावळ्या असतात, गावावरून आणि आडनावावरून कोणाची वही ते ठरलेलं असतं. विचारत विचारत आमचे गुरुजी सापडले. त्यांनी लाल कापडातलं लांबट बाड सोडलं, गावाचं पान काढलं आणि बोट फिरवत फिरवत थांबले. मोठ्या काकांची सही होती, तरुणपणातली, अक्षर अजून घोटलेलं नव्हतं, आणि वर शके 1897, कार्तिक. म्हणजे 1975 चा नोव्हेंबर किंवा फार तर डिसेंबरची सुरुवात. आईने त्या सहीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही, काकांना जाऊनही आता वर्षं झालीत.

ही नामावळी सरकारी पुरावा नाही हं, तिच्यावर दाखला मिळत नाही. पण वर्ष आणि महिना कळला की शोध एकदम आटोपशीर होतो. गावचे भाऊसाहेब म्हणाले एवढं जुनं रजिस्टर आमच्याकडे नाही, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला बघा, जुनी गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, गाव नमुना 14, ती तिकडे असते. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना हीच बुकं चाळली गेली होती, त्यामुळे तिथल्या लोकांना कुठला गठ्ठा कुठे ते तोंडपाठ होतं. नोंद मिळाली. नुसतं नाव, जात, वय, आणि कारणाच्या रकान्यात 'ताप'. इतके दिवस ज्या माणसाचा आमच्याकडे फोटोसुद्धा नाही त्याच्याबद्दल हे एवढं कोणीतरी लिहून ठेवलं होतं. त्यावरून नक्कल मिळाली, सही-शिक्क्याची.

नोंद सापडली नसती तर आधी 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र, मग दंडाधिकाऱ्याकडे विलंबाचा अर्ज, आणि 2025 पासून शासनाने ती प्रक्रिया बरीच कडक केलीये. म्हणून म्हणते, आदेशाच्या मागे लागायच्या आधी नोंद शोधण्यात जीव ओता. जुन्या पत्रिका, दहाव्याचं कार्ड, नामावळी, देवस्थानची पावती, जिथून वर्ष कळेल ते बघा.

दोन्ही दाखले जोडून वारस नोंदीचा अर्ज केला, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण होतो. तलाठी नोटीस काढतात, 15 दिवस हरकतीसाठी, मग फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरचा नावाचा बदल) मंजूर. अर्जात सगळे वारस लिहा, मुली पण, आत्या पण. आमच्याकडे एकाने सुचवलं होतं की आत्यांची नावं राहू देत, नंतर बघू. आईने ठाम नाही सांगितलं आणि मला तिचं अगदी पटलं.

महावितरणचं नाव बदलणं आणि रेशन कार्डावरून नाव कमी करणं लगेच झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून बाकी आहे. जिथे नॉमिनी नाही तिथे 'वारस दाखला आणा' म्हणतात, तो कोर्टातून काढायचा असतो आणि मृत्यूच्या दाखल्यापेक्षा पूर्ण वेगळा कागद आहे, दोन्हीत गल्लत करू नका.

आणि देवळाली कॅम्पवाल्यांसाठी, तुमच्याकडे कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं, त्यामुळे मृत्यू बोर्डाच्या हद्दीत झाला असेल तर महापालिकेत जाऊ नका, बोर्डाच्या ऑफिसात विचारा. पण तिथलं माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात गेलं असेल तर मात्र महापालिकाच.