उबुंटू आणि आर्डुइनो नॅनो : आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि त्यावर रोज आर्डुइनो नॅनोचे, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारे छोटे, स्वस्त बोर्ड चालतात, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेले. त्यांच्यावर सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असते, लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यातला संवाद जुळवणारी. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो, म्हणून मी निर्धास्त होतो.

पहिल्या दिवशी बोर्डावरचा दिवा लागला, पण आयडीईच्या, म्हणजे कोड लिहून बोर्डावर पाठवायच्या प्रोग्रॅमच्या, मेनूत पोर्टचा पत्ता नाही. पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली, डेटाच्या ताराच नव्हत्या तिच्यात. दुसरी लावली तर एलएस-यूएसबी या कमांडने दाखवलेल्या उपकरणांच्या यादीत १ए८६:७५२३ हा आयडी आला, पोर्ट मात्र नाहीच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

शेवटी टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, सुडो डी-मेसेज, पुढे डॅश डब्ल्यू, अशी चालू ठेवली आणि बोर्ड काढून परत लावला. सगळं समोर आलं: टीटीवाय-यूएसबी-झीरो हा पोर्ट तयार झाला आणि लगेच तुटला, आणि मधल्या ओळीत नाव होतं बीआरएलटीटीवाय. अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्रॅम. काही ब्रेल डिस्प्लेंचा आयडीही हाच असल्यामुळे तो माझा बोर्ड ताब्यात घेत होता. मी ॲप्ट रिमूव्ह या कमांडने तो काढला, बोर्ड पुन्हा लावला आणि पोर्ट टिकला. पण घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर तो अजिबात काढू नका. यूडेव्ह म्हणजे लावलेली उपकरणं ओळखणारी यंत्रणा; त्याची यूडेव्हची नियम-फाइल त्याच नावाने ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये कॉपी करा आणि त्यातली या आयडीची ओळ तेवढी बंद करा. मूळ फाइलला हात लावलात तर अपडेटमध्ये बदल पुसला जाईल.

त्यानंतर अपलोड करताना 'परमिशन डिनाइड'. युजरला डायलआउट या, सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घालावं लागतं. यूजरमॉडच्या कमांडमध्ये कॅपिटल जीच्या आधीचा छोटा ए विसरू नका, नाहीतर सुडोच्या, म्हणजे ॲडमिन अधिकारांच्या, ग्रुपमधून बाहेर पडाल. मग लॉगआउट करून परत लॉगिन करायचं; नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही.

त्यानंतर त्रास झाला तो फक्त दोन बोर्ड एकदम लावताना. आधी लावलेल्याला झीरो मिळतो, त्यामुळे नंबरांची अदलाबदल होते. या चिपमध्ये बहुधा स्वतःचा सिरियल नंबर नसतो, म्हणून बोर्डावरून ओळख पटत नाही. मी डेव्हमधल्या सिरियल, बाय-पाथ या फोल्डरमधलं नाव वापरतो, ते सॉकेटवरून ठरतं. दोन्ही सॉकेटांशेजारी टेप लावून 'मोटर' आणि 'सेन्सर' लिहिलंय. तेव्हापासून चुकीच्या बोर्डावर कोड गेलेला नाही.